बेस गिटारला दुसरा कान

ताईचा फोन आला तेव्हा मी नाशिकजवळ अंबडच्या शेडमध्ये एका विहिरीच्या मोटरचं जळकं वायंडिंग उपसत बसलो होतो. "अरे, हा गिटार कापायला निघालाय. चांगली वाजतेय, नवीकोरी आहे, आणि म्हणतो सुताराकडून खाचा पाडून घेतो. म्हणे एक पिकअप आहे, दुसरं बसवायचंय. तू सांग रे त्याला चार शब्द."

चार शब्द सांगायला मी फार योग्य माणूस नव्हतो, कारण वीस वर्षांपूर्वी मीही माझी बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, अशीच कापली होती. दिवसा मोटरींचं वायंडिंग आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस, असं आमचं दुहेरी आयुष्य. पण ताईचा प्रश्न रास्त होता. एक पिकअप चालू असताना दुसरं कशाला? दोन लावली की आवाज दुप्पट होतो का? तसं असेल तर अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, व्हॉल्यूम वाढवणं सोपं नाही का? भाच्यालाही याची धड उत्तरं देता येत नव्हती. त्याला फक्त इतकंच माहीत होतं की भारी लोकांच्या बेसवर दोन असतात. तेव्हा हे थोडं सविस्तर.

पिकअप म्हणजे नक्की काय?

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली ती काळी डबी. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. बस. ना बॅटरी, ना चिप. चुंबकामुळे वरची स्टीलची तारसुद्धा थोडी चुंबकित होते. ती हलली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की वेढ्यांत वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेली गोष्ट हीच. आमच्या मोटरीत वीज घालून फिरणं काढतात, इथे हलणं घालून वीज काढतात.

फरक आहे तो तारेच्या जाडीचा. पिकअपची तार साधारण ०.०६ मिलिमीटरची असते, म्हणजे केसाइतकी. मल्टीमीटर लावला तर बेसच्या पिकअपचा रेझिस्टन्स दहा हजार ओहमच्या आसपास दाखवतो. त्या जाडीच्या तारेला मीटरमागे साडेपाच ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. भागाकार करून पाहा: त्या बोटभर डबीत पावणेदोन किलोमीटरहून जास्त तार आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर तिचं एक टोक धरलं तर दुसरं गोदाकाठी पोचेल. म्हणूनच पिकअप उघडून 'जरा बघतो' म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. तुटलेलं टोक सापडत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. तुम्ही त्याच्यासमोर ओरडलात तरी त्याला फरक पडत नाही. ते फक्त आपल्या डोक्यावरचा तारेचा तेवढा इंचभर तुकडा कसा हलतोय ते बघतं. सगळी गंमत त्या 'तेवढ्या तुकड्यात' आहे.

तार सगळीकडे सारखी हलत नाही

वाळत घालायच्या दोरीला मधोमध झटका द्या. मध्यभाग हातभर वरखाली होतो, खिळ्याजवळचा भाग जेमतेम थरथरतो. बेसच्या तारेचंही तेच. प्रचलित बेसवर मेरूपासून, म्हणजे मुठीकडच्या त्या पांढऱ्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या घोडीपर्यंत, मोकळी तार ३४ इंच असते.

पण तार एकाच चालीने हलत नाही. ती अख्खी हलत असतानाच दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही हलत असते, सगळं एकाच वेळी. तंबोरा लावणाऱ्यांना हे सांगायला नको. षड्ज छेडला तरी कान देऊन ऐकलं की आतून पंचम येतो, गंधार येतो. त्यांना आपल्याकडे स्वयंभू स्वर म्हणतात. तारेचे तीन भाग झाले की पंचम, पाच झाले की गंधार. बेसची ई तार, म्हणजे सर्वात जाड तार, सेकंदाला ४१ वेळा हलते, पण तिच्या आवाजात ८२, १२४, १६५ असे तिच्या पटीतले स्वर मिसळलेले असतात. त्या मिसळीचं प्रमाण म्हणजेच 'टोन'. एकच सा बासरीचा वेगळा आणि सनईचा वेगळा लागतो, तो याच प्रमाणामुळे.

आता तीन भागांत हलणाऱ्या तारेकडे बघा. दोन भागांच्या सांध्यावर तार स्थिर असते. त्या सांध्याखालीच पिकअप बसवलं तर? त्याला तो स्वर मुळी दिसतच नाही. तारेत तो आहे, शेजारच्या इंचाला तो माहीत आहे, पण पिकअपच्या लेखी तो नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत रविवार कारंजावर उभं राहून बघा. ढोलाच्या रांगेपाशी उभं राहिलं तर छातीत धडधड होते आणि ताशाची काडी कुठे पडतेय ते कळत नाही. दहा पावलं पुढे ताशापाशी गेलं की उलट. पथक तेच, ताल तोच. तुम्ही कुठे उभे आहात त्यावर तुमचं ऐकणं ठरतं.

पावणेसहा इंचांवरचं आणि अडीच इंचांवरचं पिकअप

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटतं त्यामुळेच त्याने ती इतकी व्यवहारी केली. त्याच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढली, एका पिकअपची. १९५७ मध्ये ते पिकअप दोन अर्ध्या तुकड्यांत विभागलं, एक तुकडा ई-ए या दोन जाड तारांखाली, दुसरा जरा सरकवून डी-जी या दोन बारीक तारांखाली. आजही बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बेस त्याच घाटाच्या असतात. भाच्याचीही तशीच. मग १९६० मध्ये जॅझ बेस आली, दोन अखंड पिकअपची. एक मानेकडे, एक ब्रिजजवळ. भाच्याला करायचं आहे ते या दोघींचं लग्न: प्रिसिजनचं आहे ते तसंच ठेवून ब्रिजजवळ जॅझचं एक बसवायचं. वाजवणारे याला 'पीजे' म्हणतात.

प्रिसिजनच्या पिकअपचा मध्य ब्रिजपासून पावणेसहा इंचांच्या आसपास येतो. ३४ चा सहावा भाग किती? तोच. म्हणजे मोकळी तार वाजवली की सहावा स्वयंभू स्वर या पिकअपच्या नेमका सांध्यात पडतो आणि गळतो. उलट मूळ स्वर मात्र भरपूर मिळतो. तारेच्या मधोमध तो जेवढा दिसला असता त्याच्या बरोबर निम्मा इथे दिसतो. ब्रिजपासून अडीच इंचांवर गेलं की हेच प्रमाण पाव भागापेक्षाही खाली येतं.

म्हणजे ब्रिजजवळच्या पिकअपला ढोल निम्म्याहून कमी ऐकू येतो. पण तिथून सांधे दूर पडतात, पहिले तेराच्या तेरा स्वयंभू स्वर त्याला दिसतात. एकटं वाजवलं तर आवाज कोरडा, टणक, थोडा नाकातला. सतारियाने मिजराब घोडीजवळ नेली की जसा स्वर टोकदार होतो, तसाच. हे ऐकून पुष्कळांची निराशा होते, "एवढं कापलं आणि हे?" पण ते एकट्याने वाजवायला बसवतच नाहीत. मिसळीत रस्सा वेगळा देतात तो एकटा पिण्यासाठी नसतो.

दोन्ही मिळवली की वजाबाकीही होते

हा भाग लोकांना सर्वात कमी माहीत असतो, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे.

तार अख्खी हलते तेव्हा दोन्ही पिकअपवरून ती एकाच वेळी वर जाते आणि एकाच वेळी खाली येते. दोघांचं म्हणणं एक, तेव्हा बेरीज. पण ती आठ किंवा दहा भागांत हलत असेल तेव्हा पावणेसहा इंचांवर ती खाली असताना अडीच इंचांवर वर असते. एक पिकअप म्हणतं 'वर', दुसरं म्हणतं 'खाली'. दोन्ही वायरी एकत्र जोडल्या आहेत, तर उरलं काय? जवळजवळ शून्य.

मोकळ्या तारेवर हा प्रकार सातव्या ते अकराव्या स्वयंभू स्वरांबाबत होतो. ई तारेवर ते येतात साधारण २९० ते ४५० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा हलणं) पट्ट्यात. म्हणजे दोन्ही पिकअप पूर्ण उघडली की खाली भरदार, वर झळाळी आणि मध्ये खड्डा असा आवाज मिळतो. घरी एकट्याने वाजवताना तो फार गोड वाटतो. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, दोन गिटार आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की तोच आवाज गायब होतो, कारण छोट्या स्पीकरमधून बेस आपल्या कानाला कळतो तो बराचसा याच मधल्या पट्ट्यामुळे. ४१ हर्ट्झ तर मोबाईलच्या स्पीकरला झेपतच नाही. माझे पहिले दोन सीझन यात गेले. साउंडवाला ओरडायचा, बेस कुठाय, आणि मी व्हॉल्यूम वाढवत राहायचो. उपाय उलटा होता. ब्रिजकडचं पिकअप दहावरून सातवर आणलं की वजाबाकी अपुरी होते, खड्डा भरतो आणि बेस पुन्हा दिसू लागते.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर: आवाज दुप्पट होत नाही. दुसरं पिकअप म्हणजे दुसरा कान, दुसऱ्या जागी उभा असलेला. दोघांनी ऐकलेलं किती प्रमाणात मिसळायचं ती चावी आपल्या हातात येते.

मग अँपच्या ईक्यूने का नाही?

ईक्यू म्हणजे आवाजातला ठरावीक पट्टा वाढवायची किंवा कमी करायची बटणं. भाच्याच्या मित्राचं म्हणणं की मधला पट्टा कमी केला की झालं, दोन पिकअपचा आवाज फुकटात.

थोडंसं साधतं, नाही म्हणत नाही. पण ईक्यूला फक्त आकडा कळतो. ४०० हर्ट्झ म्हटलं की ४०० हर्ट्झ, कुठलाही स्वर वाजवा. पिकअपची जागा मात्र तारेच्या लांबीच्या हिशेबात बोलते, आणि बोट ठेवलं की लांबी बदलते. बाराव्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, दाबलं की तार उरली १७ इंच. तेच पावणेसहा इंच आता सहावा भाग न राहता तिसरा भाग झाला, आणि गळणारा स्वर सहाव्याऐवजी तिसरा झाला. मानेवर बोटं फिरतात तसा तो खड्डा फिरत राहतो. दोन पिकअपच्या आवाजात जी जिवंत हालचाल वाटते ती यातून येते. शिवाय जे पिकअपने मुळात ऐकलंच नाही ते ईक्यू वाढवणार कसं? भाजीत मीठ कमी असेल तर गॅस मोठा करून ते येत नाही.

फेज: सगळ्यांचा हमखास घोटाळा

पिकअपला दोन वायरी. एक गरम, म्हणजे आवाज नेणारी, आणि एक अर्थिंगची. दोन पिकअप जोडताना दोघांची दिशा जुळली पाहिजे, म्हणजे तार वर गेली की दोघांनीही 'वर' म्हटलं पाहिजे. याला फेज जुळणं म्हणतात. एकाची वायर उलटी लागली की रिमोटमध्ये एक सेल उलटा टाकल्यासारखं होतं. दोन्ही सेल चांगले, रिमोट ठार.

माझ्या बेसला हेच झालं. रात्री अकराला सोल्डरिंग संपलं, राळेचा वास घरभर, मोठ्या उत्साहाने ई छेडली. पहिलं पिकअप एकटं: घूं. दुसरं एकटं: टण्. दोन्ही उघडली आणि बेसच्या जागी कुणीतरी पत्र्याच्या डब्याला रबर बांधून वाजवतंय असा आवाज. मला वाटलं पिकअप जळलं. आता कारण कळतं. उलट्या फेजमध्ये मूळ स्वर, जो दोघांनाही एकाच दिशेने हलताना दिसतो, तोच वजा होतो. आणि एरवी जे सातवे ते अकरावे स्वर गळायचे तेवढे उरतात. म्हणजे टाकायचं ते ताटात आणि ताटातलं बाहेर. दुरुस्ती पाच मिनिटांची: एकाच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल. मात्र पिकअपवर धातूचं झाकण असेल आणि ते एका वायरीला आतून जोडलेलं असेल, तर आधी ते सोडवावं लागतं.

कापाकापीआधीच हे तपासता येतं. मल्टीमीटर ओहमवर ठेवून पिकअपच्या दोन वायरींना लावा. आकडा स्थिर झाला की स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपच्या वर दिसणाऱ्या चुंबकाच्या टोकाला चिकटवा आणि पटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारतो किंवा खाली. दुसऱ्या पिकअपवर तसंच करा. दोन्हीची उडी एकाच दिशेला आली की मीटरची लाल वायर जिथे होती त्या दोन्ही गरम समजा.

आणि तो घूंऽऽ आवाज?

नाशिककरांनी मांडवात तो खूप ऐकलाय. गाणं सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधून येणारा हम. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि वेढ्यांना तारेची हालचाल आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर यांतला फरक कळत नाही. क्षेत्र हललं की वीज. बेसवाल्याचं दुर्दैव असं की ५० हर्ट्झ म्हणजे ई तारेवरच्या तिसऱ्या पडद्याच्या जी या स्वराच्या, ४९ हर्ट्झच्या, अगदी अंगावर येतं. जी धरला की हमशी भांडण सुरू.

प्रिसिजनच्या दोन तुकड्यांत युक्ती आहे. एका तुकड्याचे वेढे उलटे आणि त्याचा चुंबकही उलटा. बाहेरून येणारा हम चुंबक बघत नाही, तो फक्त वेढे बघतो, म्हणून दोन तुकड्यांत तो विरुद्ध येतो आणि कटतो. तारेच्या आवाजाला मात्र वेढे उलटे आणि चुंबकही उलटा, उलट्याचं उलट सुलट, तो शाबूत राहतो. जॅझ बेसची दोन पिकअपही हल्ली अशीच जोडीने बनवतात. दोन्ही सारखी उघडली की हम जातो, एक कमी केलं की डोकावतो.

आता पीजेची अडचण पाहा. प्रिसिजनचं पिकअप स्वतःतच शांत. शेजारी येणारं जॅझचं साधं पिकअप एकाच गुंडाळीचं, त्याचा हम कापायला कुणी जोडीदारच नाही. आधीची शांत बेस कापून गुणगुणती बेस करून घेतली असं होतं, आणि मग लोक सुताराला नावं ठेवतात. यावर उपाय खरेदीतच आहे: जॅझच्या आकाराचं, पण आत दोन गुंडाळ्या असलेलं, हम कापणारं पिकअप मिळतं, ते घ्या. आत तांब्याची पट्टी चिकटवायची पद्धत आहे, तीही चांगली, पण तिचा गुण वेगळा. एलईडी माळा आणि डिमरची चुरचुर ती अडवते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय घरघरीपुढे पातळ तांब्याचं काही चालत नाही.

ओघात एक महत्त्वाचं. बेसच्या तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. मांडवाचं अर्थिंग धड नसेल तर एका हातात तार आणि ओठाला माईक, अशा वेळी झटका बसतो, आणि तो गमतीचा नसतो. आधी टेस्टर, मग गणपतीची आरती.

नळ आणि गटार

व्हॉल्यूमच्या बटणाखाली जो भाग असतो त्याला पॉट म्हणतात. त्याला तीन पाय. एका पिकअपची प्रिसिजन येते तेव्हा पिकअप कडेच्या पायाला आणि मधला पाय बाहेर जाणाऱ्या वायरीला, अशी जोडणी असते. ती एकट्यापुरती ठीक. पण दुसरं पिकअप त्याच पद्धतीने शेजारी जोडलं की गंमत होते: कुठलंही एक बटण शून्यावर नेलं की दोन्ही गप्प. कारण शून्यावर मधला पाय अर्थला टेकतो, आणि बाहेर जाणारी वायर सामाईक आहे. गच्चीवरच्या दोन टाक्यांचा एकच पाईप असावा, आणि एका टाकीचा नळ बंद करायचा म्हणून आपण तो पाईपच गटारात सोडावा, तसं.

जॅझ बेसमध्ये ही जोडणी उलटी असते, पिकअप मधल्या पायाला आणि कडेचा पाय बाहेर. मग दोन्ही बटणं आपापली चालतात. तेव्हा दुसरं पिकअप बसवताना जुन्या व्हॉल्यूमची जोडणीही बदलावी लागते. हे न केल्यामुळे 'मॉडिफिकेशन फसलं' म्हणून आलेल्या तीन बेस मी पाहिल्यात. तिन्हींत खराब काहीच नव्हतं. पॉट २५० किलोओहमचे घ्यावेत, आणि तिसऱ्या बटणाला जागा नसेल तर एकावर एक बसणारं दुहेरी बटण मिळतं. सुरुवातीच्या जॅझ बेसवर तेच होतं.

लाकूड कापल्याने आवाज बिघडतो का?

जॅझच्या ब्रिज-पिकअपची खाच साधारण ९४ मिलिमीटर लांब, १९ रुंद आणि जवळपास तेवढीच खोल. गुणाकार केला की ३४ घनसेंटिमीटर. बेसचं लाकूड हलकं असतं, म्हणजे निघालं ते पंधरा-सोळा ग्रॅम. एक पेढा. चार किलोच्या वाद्यातून एक पेढा काढल्याने नाद गेला असं ज्याला ऐकू येतं त्याच्या कानांना माझा नमस्कार. पिकअपचं वजन त्याहून जास्त भरतं.

धोका आहे तो वेगळा. नव्या खाचेतून जुन्या खाचेत वायर न्यायला लांब ड्रिलने तिरपं भोक पाडावं लागतं. मी ते अंदाजाने पाडलं आणि ड्रिल मागून बाहेर आलं. माझ्या बेसच्या पाठीवर गणपतीचं स्टिकर आहे. लोकांना भक्ती वाटते.

जुनी, नामांकित, मूळ अवस्थेतली बेस असेल तर मात्र हात लावू नका. तिथे खाचेचे पैसे जातात ते लाकडाचे नव्हे, मूळपणाचे. आणि ज्याला एका पिकअपच्या आवाजावरच प्रेम आहे त्यानेही हा उद्योग करू नये. टोनचं बटण आणि उजव्या हाताची जागा बदलून खूप काही मिळतं.

आधी ऐका, मग कापा

रविवारी भाचा बेस घेऊन आला. पिकअप त्याने आणलंच होतं. मी त्याला सुताराकडे जाऊ दिलं नाही. पिकअपच्या दोन वायरी सरळ एका जुन्या जॅकला सोल्डर केल्या, अँपला लावल्या, आणि पिकअप उलटं करून, तोंड खाली, तारांच्या वर धरलं. पिकअपला वरखालीचं काही नसतं, तार जवळ असली की झालं. फक्त अशा वेळी ते एकटंच ऐकायचं, कारण उलटं धरलं की फेजही बहुतांशी उलटते.

मी पिकअप धरलं, त्याने ए तारेवर एकच ओळ परत परत वाजवली. ब्रिजपासून दोन इंच: फार टणक. तीन इंच: पहिल्यासारखंच वाटतंय मामा, मग कशाला. मी अडीचच्या आसपास मिलिमीटर मिलिमीटर सरकवत राहिलो. एका जागी त्याने वाजवणं न थांबवता मान हलवली. मास्किंग टेपवर पेन्सिलने रेघ मारली, पट्टी लावली: त्रेसष्ट मिलिमीटर. मग शेवटच्या पडद्यावर तारा दाबून, पिकअप आणि तारेत तीनेक मिलिमीटर राहतील इतकी खाच किती खोल हवी तेही लिहून ठेवलं.

स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "म्हणजे कापणारच?" भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कापू, पण भोक मी नाही पाडणार." सातपूरचा एक सुतार आहे, लाकडात खाचा पाडायचं राउटर यंत्र चांगलं चालवतो. दसऱ्यानंतर मोकळा आहे म्हणाला.